नमुना आणि त्याचा कर्ता

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु लागते. रामेश्वराच्या यात्रेकरूंचा हा जुना मार्ग. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे छत्र बांधले, आणि तिच्या नावावरून या स्थळाला मुक्तांबाळपुरम् हे नाव मिळाले. तंजावरच्या मराठी राजांची छत्रे म्हणजे केवळ मुक्कामाच्या धर्मशाळा नव्हत्या. तेथे अध्यापक असत, वैद्य असत, आजारी वाटसरूची शुश्रूषा होई. जानेवारी १८०१ मध्ये सरफोजींनी बेंजामिन टॉरिन या इंग्रज रेसिडेंटाला छत्रांविषयी लिहिलेले पत्र अभ्यासकांना परिचित आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत कोणाही वाटसरूला, जातीचा अपवाद न करता, शिजवलेला भात मिळतो, असे त्यात म्हटले आहे. आणि ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा दिला जातो, असेही.

या पत्राचे कौतुक करणारे बहुधा पहिल्या विधानापाशी थांबतात. मला दुसरे अधिक बोलके वाटते. तांदूळ कोणाच्याही शेतातला चालतो. तो कोणत्या हाताने शिजवला हे मात्र पाहावे लागते. वस्तू घ्यायची आणि तिच्यावर काम केलेला हात दूर ठेवायचा, ही तोड आपल्या समाजाने अन्नापुरती ठेवली नाही. हाताने घडवलेल्या वस्तूंच्या निमित्ताने ती ज्ञानाच्या क्षेत्रातही शिरली, आणि तिथे तिने केलेली हानी आपण अजून नीट मोजलेली नाही. ती मोजायची तर लाकूड आणि चामडे जिथे एकत्र येतात अशा वस्तूंकडे पाहावे. लाकूड देवघरात चालते. कमावलेले चामडे उंबऱ्याबाहेर राहते. (मृगाजिन मात्र आसनाला पवित्र! तेव्हा अडचण चर्माची नसून चर्मकाराची आहे, हे उघड आहे.)

अशा वस्तूचे साधे उदाहरण म्हणजे हत्यारांची पेटी. आपल्याकडे सुताराचे वाकस, पटाशी, रंधा लाकडी पेटीत असत; न्हाव्याचा वस्तरा आणि नराणी चामड्याच्या धोकटीत. एखाद्या कारागिराने या दोहोंचा मेळ घालून पेटी करायला घेतली तर काय घडते ते पाहू. सांगाडा लाकडाचा, आतले कप्पे, पट्टे आणि झाकणाचा जोड चामड्याचा. पहिला नमुना दिसायला सुरेख होतो. एक पावसाळा गेला की लाकूड फुगते आणि चामडे सैल पडते. उन्हाळ्यात लाकूड आखडते, चामडे ताठरते, आणि दोन्ही जिथे खिळ्यांनी जखडलेली आहेत तिथे चामडे फाटते. दुसऱ्या नमुन्यात खिळ्याच्या जागी शिवण येते. शिवणीसाठी लाकडाच्या कडेला भोके पाडावी लागतात. भोकांनी कड दुबळी होते, म्हणून तेवढ्या भागात लाकूड जाड ठेवावे लागते. पटाशीची धार जिथे टेकते तिथले चामडे कापले जाते, तिथे दुहेरी थर येतो. चौथ्या-पाचव्या नमुन्यापर्यंत पेटीचा आकार फारसा बदललेला दिसत नाही. बदललेले असतात ते जोड. ही सुधारणा आराखडा काढताना आधी सुचलेली नसते. द्रव्य नकार देते तेव्हा ती सुचते, आणि तो नकार प्रथम हाताला कळतो.

आपल्या भाषेत यासाठी ‘नमुना’ हा शब्द आहे. एखाद्या विक्षिप्त माणसाची थट्टाही आपण त्याच शब्दाने करतो, हे गमतीचे आहे. त्याच्या शेजारी ‘कित्ता’ हा शब्द ठेवून पाहावा. कित्ता गिरवायचा असतो. त्यात केलेला बदल ही चूक ठरते. नमुना बदलण्यासाठीच केलेला असतो. आपल्या पाठशाळांनी आणि नंतरच्या शाळांनी कित्त्याला मान दिला. नमुन्याची बुद्धी बलुतेदारांच्या आळ्यांत राहिली, आणि तिला बुद्धी म्हणावे असे फारसे कोणाला वाटले नाही. चामड्याची मोट आणि तिचे लाकडी चाक यांचा मेळ बसवताना सुतार आणि चांभार यांना एकमेकांच्या द्रव्याचा स्वभाव ओळखावाच लागे. पंक्तीला मात्र ते शेजारी नसत. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली मांडलेला सिद्धान्त मोटेच्या उदाहरणात डोळ्यांना दिसतो. श्रम जोडले जात होते. श्रमिक तुटलेले होते.

ओरत्तनाडु ज्या तंजावर जिल्ह्यात आहे, तिथे या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण सापडते. ते म्हणजे मृदंग. पेटीत हत्यार ठेवलेले असते. मृदंगात लाकूड आणि चामडे हेच हत्यार. त्याचे खोड फणसाच्या एकाच ओंडक्यातून कोरलेले असते. तोंडांना गाईचे आणि बकऱ्याचे कातडे लागते, ताणून धरणाऱ्या वाद्या म्हशीच्या कातड्याच्या. उजव्या तोंडावर दगडाची भुकटी आणि भात यांच्या लगद्याची काळी शाई थरावर थर देऊन चढवतात आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतात. डाव्या तोंडाला वादनापूर्वी भिजवलेला रवा लावतात. या वाद्याच्या इतिहासात मराठी माणसाचाही वाटा आहे: एकोणिसाव्या शतकातील तंजावरचे विख्यात मृदंगवादक नारायणस्वामी आप्पा हे मराठी कुळातले होते, आणि भजन-कीर्तनाच्या साथीतून त्या वादनाला जे वळण मिळाले त्यात तंजावरच्या मराठी वातावरणाचा भाग आहे.

सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकातील टिपणात आणि पुढे १९३४ सालच्या निबंधात या काळ्या शाईचे रहस्य भौतिकशास्त्राच्या भाषेत सांगितले. साध्या ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात, म्हणून त्यातून गोंगाट निघतो, स्वर निघत नाही. मध्यभागी जाड आणि कडेकडे पातळ होत जाणारा शाईचा भार पडद्याचे पहिले काही उपस्वर त्या पटींच्या जवळ आणून बसवतो. शास्त्राने जे १९२० साली समजावून दिले ते निर्मात्यांच्या हातांनी पिढ्यांपूर्वीच साधले होते. ते एका दिवसात साधलेले नसणार. किती थर, कोणत्या थराला किती घोटायचे, कातडे कुठे खरवडायचे, याचे असंख्य नमुने फुकट गेले असतील. त्या फुकट गेलेल्या नमुन्यांत विचार होता की नव्हता?

प्लेटोने या प्रश्नाचे उत्तर ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात देऊन ठेवले आहे, आणि त्याने वाद्याचेच उदाहरण घ्यावे हे आपल्या दृष्टीने सोयीचे आहे. त्याच्या मते वस्तूचे ज्ञान असते ते ती वापरणाऱ्याला. पावा कसा असावा हे वाजवणारा जाणतो आणि घडवणाऱ्याला सांगतो. घडवणारा त्याच्यावर विश्वास ठेवून घडवतो. म्हणजे वादकाकडे ज्ञान आणि कारागिराकडे योग्य समजूत, तीही उसनी. हा युक्तिवाद अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सचा असला तरी आजच्या कोणत्याही संगीतसभेत तो सभ्यपणे मांडला जाईल. वादकाचा कान थोर. निर्माता त्याच्या कानाबरहुकूम काम करतो.

वादक नेमके काय सांगतो? तो म्हणतो, नाद कोरडा आहे. किंवा, थोडा गोडवा हवा. या वाक्यात कातड्याच्या जाडीविषयी एक अक्षर नाही. गोडवा म्हणजे कडेचे कातडे किती खरवडायचे, शाईचा कितवा थर हलका ठेवायचा, कातड्यांच्या मधल्या काड्या कुठे सरकवायच्या, हे ठरवतो निर्माता. एका इंद्रियाची भाषा दुसऱ्या इंद्रियाच्या भाषेत नेण्याचे हे काम आहे. साहित्याच्या व्यवहारात आपण याला भाष्य म्हणतो आणि भाष्यकाराला आचार्यपद देतो. प्लेटोने ऐकली ती फक्त वादकाची आज्ञा. आज्ञेनंतरची शांतता, जिच्यात निर्माता कातड्यावर बोट फिरवून विचार करत असतो, ती त्याच्या हिशेबातून सुटली.

टी. एम. कृष्ण या गायकाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या ‘सेबास्टियन अँड सन्स’ या ग्रंथाने ही शांतता प्रथमच विस्ताराने नोंदवली. तंजावरचे सेबास्टियन आणि त्यांच्या वंशातील निर्माते हे दलित ख्रिस्ती. या कुळातील परलांदु आणि पालघाट मणी अय्यर (१९१२ ते १९८१) यांच्या दीर्घ सहकार्याची हकीकत त्या ग्रंथात आहे. वाद्याचा नाद बदलत गेला तो या दोघांमधल्या प्रश्नोत्तरांतून. एकाला पद्मभूषण मिळाले, आणि ते यथार्थच होते. दुसऱ्याचे नाव बाहेरच्या जगाला कळायला हा ग्रंथ यावा लागला. ग्रंथाच्या प्रकाशनासाठी चेन्नईतील कलाक्षेत्राने दिलेले सभागृह ऐन वेळी नाकारले, आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला. गाईचे कातडे ज्या कलेच्या केंद्रस्थानी आहे तिच्याच आवारात त्याचा उच्चार अडचणीचा ठरला. शिजवलेला भात आणि कोरडा शिधा यांची आठवण होते ती येथे.

याला उत्तर म्हणून अनामिकतेचा आदर्श पुढे केला जाईल. आनंद कुमारस्वामींनी १९०९ सालच्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ या ग्रंथात पारंपरिक कारागिराच्या कामाकडे आत्मप्रदर्शनापलीकडचे, धर्मरूप कर्म म्हणून पाहिले आहे. त्या विचाराला उंची आहे, हे मान्य करूनही एक शंका राहते. आपल्या परंपरेत नाव घालणे हीन मानले असते तर अभंगाच्या शेवटी नाममुद्रा आली नसती. गोरा कुंभार, सेना न्हावी, सावता माळी यांनी आपली नावे लिहिली, आणि नावाबरोबर आपला धंदाही सांगितला. पण नाममुद्रा शब्दावर उमटली, वस्तूवर नाही. गोरोबांचे अभंग गोरोबांचे आहेत. त्यांची मडकी कोणाचीच नाहीत. अनामिकता सर्वांना सारखी वाटली गेली असती तर तिला अध्यात्म म्हणता आले असते. ती फक्त हाताच्या वाट्याला आली.

ज्या शास्त्रात माझे आयुष्य गेले ते पाठचिकित्सेचे शास्त्र या बाबतीत वेगळे वागते. तंजावरच्या सरस्वती महालातील पोथ्यांच्या पुष्पिका आपण आदराने वाचतो. लेखनिकाचे नाव, शक, गाव टिपून घेतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा एका अक्षराचा पाठभेदही तळटीपेत नोंदवला. ज्याने अक्षर बदलले त्याची दखल विद्वत्तेने घेतली. ज्याने कातड्याची जाडी बदलली त्याच्यासाठी तळटीप नाही, कारण त्याचा पाठ वाजून हवेत विरला आणि त्याची पोथी झिजून टाकून दिली गेली.

अलीकडे निराळा उपाय निघाला आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले; त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या इटालियन कंपनीने तशीच पादत्राणे मूळ न सांगता मांडली, तेव्हा महाराष्ट्रात क्षोभ झाला आणि कंपनीला आपली प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. हा क्षोभ योग्य होता. पण त्या चर्चेत कोल्हापूरचे नाव जितक्या वेळा आले तितके चपलेचा तळ शिवणाऱ्या हाताचे आले नाही. निर्देशन भूगोलाचे असते. जिल्ह्याला मान मिळाला म्हणजे माणसाला मिळाला, असे समजण्याची आपल्याला घाई असते.

आणि नाव छापल्याने तरी प्रश्न सुटतो का? माझ्या मते कर्तेपणाची खरी खूण नावात नाही. ती ‘पुरे’ म्हणण्याच्या अधिकारात आहे. कवी कविता केव्हा पूर्ण झाली हे स्वतः ठरवतो. संपादकाने कितीही बदल सुचवले तरी शेवटचा होकार त्याचा. हत्यारपेटी करणारा कारागीर पाचव्या नमुन्यावर थांबतो तेव्हा तो निर्णय त्याचा असतो, आणि म्हणून ती पेटी त्याची असते. मृदंग पुरा झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याला परंपरेने दिला नाही. वादक नाक मुरडेल तोवर काम अपुरे. ‘आता याहून खरवडले तर कातडे जाईल, नाद आहे तो असाच’ असे म्हणण्याची मुभा ज्याला नाही, त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापले तरी तो आज्ञाधारकच राहतो. मणी अय्यरांसारखा वादक निर्मात्याच्या शेजारी तासन् तास बसला, तेव्हा हा अधिकार काही काळ दोघांत वाटला गेला असावा. दोघांची जोडी अपवाद ठरली, हे अर्थात परंपरेविषयी फारसे चांगले सांगत नाही.

बंगळुरात कृत्रिम पडद्यांचे आणि कृत्रिम खोडाचे मृदंग तयार झाले आहेत. प्राण्याचे कातडे नको, हवामानाचा त्रास नको, वारंवार दुरुस्ती नको. अहिंसेच्या दृष्टीने त्याचे स्वागत करणाऱ्यांशी माझा वाद नाही. कातड्याविषयीचा नैतिक प्रश्न खरा आहे. मात्र त्या मृदंगाबरोबर नमुना सुधारणाऱ्यांची पिढीच नाहीशी झाली, तर प्रश्न सुटला म्हणून आपण हात झटकू की ज्यांच्या हातांनी तो सोसला त्यांचे काय झाले हे विचारू, ते अजून दिसायचे आहे. तूर्त कातड्याचा मृदंग चालू आहे. मैफल संपली की डाव्या तोंडावरचा रवा खरवडून काढतात. उजव्या तोंडावरची शाई बोटांच्या आघाताने हळूहळू तडकते, झिजते, आणि मग वाद्य पुन्हा निर्मात्याकडे येते. तो जुने थर काढून टाकतो, भात आणि भुकटी मळतो, आणि पहिला थर चढवून दगड हातात घेतो.