उजेड द्यावा की विकावा?

दीपदानाचे पुण्य आपण मोठे मानतो. पण गरिबाच्या घरचा दिवा दानातून यावा की दामातून, असा प्रश्न मला पडतो.

हरीश हांडे यांनी १९९५ साली एका सहकाऱ्यासह सेल्को ही संस्था काढली आणि कर्नाटकातील खेड्यांत सौरदिवे विकायला आरंभ केला. गरिबाला हे परवडेल कसे? पण रॉकेलच्या बाटलीगणिक गरीब पैसे मोजतच होता. त्याला अडवीत होती ती एकरकमी किंमत. त्यांनी बँकांचे कर्ज मिळवून दिले, कमाईच्या बेताने हप्ते बांधले, दुरुस्तीची सोय केली. २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला.

फुकटचा दिवा विझला, तर जाब कोणाला विचारायचा? दाता केव्हाच निघून गेलेला असतो. दाम मोजणाऱ्याला मात्र हक्काने, ताठ मानेने तक्रार करता येते.

मग जिला हप्ताही झेपत नाही, त्या म्हातारीने अंधारातच बसावे काय? मुळीच नाही. तिचा हप्ता आपण भरावा. पण दिवा तिच्या नावावर असावा आणि तक्रारीचा हक्कही तिचाच. उजेड देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, एवढे सांभाळले की दानही शोभते.