‘रिलक्टन्स’ : अनिच्छा आणि उत्तरदायित्व
इंग्रजीतील ‘रिलक्टन्स’ या शब्दाची उच्चारानुसार ‘रि-लक्-टन्स’ अशी तीन अक्षरे पडतात. हा विभाग ध्वनीचा आहे, अर्थाचा नव्हे. त्यात ‘लक्ट्’ हे मूळच दुभंगते. लॅटिन ‘लुक्तारी’ म्हणजे कुस्ती खेळणे. ‘रे’ म्हणजे उलट, विरुद्ध. मराठी ‘अनिच्छा’ इच्छेचा अभाव सांगते. ‘रिलक्टन्स’मध्ये मात्र झुंज गृहीत आहे. हा भेद केवळ कोशगत नाही. वादळात जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकणाऱ्याची कृती ॲरिस्टॉटलने संमिश्र, तरीही ऐच्छिकाच्या अधिक जवळची मानली. कारण त्या क्षणी निवड कर्त्याचीच असते. नाखुशी ही अंतर्गत झुंजीची साक्ष होय. त्या झुंजीच्या निकालाचे उत्तरदायित्व ती नाकारू शकत नाही.