सायकलवीर, वही काढा

ही सत्काराची पत्रिका तू छापून घेतलीस की मित्रांनी? वर ठळक अक्षरांत 'नगरचे सायकलवीर', खाली हेल्मेट घातलेला तुझा फोटो, आणि तळाशी 'कार्यक्रमानंतर स्नेहभोजन'. भिस्तबाग चौकात फ्लेक्सही लागलाय, पाहिला मी. त्यात फोटो छातीपर्यंतच घेतलाय, ते मात्र शहाणपणाचं केलंस. मी अध्यक्षपदी बसावं आणि चार कौतुकाचे शब्द बोलावेत अशी तुझी इच्छा. येईन की नाही ते मागाहून सांगते. नववी-दहावीला तुला गणित माझ्याकडे होतं. तेव्हा समोर बस, तो मोबाइल पालथा ठेव आणि वही काढ.

पुण्याला जाऊन २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पूर्ण केलीस. वेळ किती देतात? साडेतेरा तास. ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. चारही भागाकार तोंडी कर. काय येतं? ताशी पंधराच्या आसपास, चारही वेळा. फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी लोक पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येतात, १२०० किलोमीटर, नव्वद तासांत. तिथे तर पंधराही पडत नाहीत. म्हणजे या खेळात वेगाला बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही. न थांबता, न चिडता, तासामागून तास पेडल मारत राहणाऱ्या माणसासाठी तो बनवलाय. आणि तू त्याचा 'वीर' झालास! ब्रेव्हेच्या आधीच्या महिन्यात किती वेळा सायकलवर बसलास ते विचारत नाही. तुझी बायको परवा भाजी मंडईत भेटली होती. गॅलरीतल्या त्या साठ हजारांच्या सायकलीवर टॉवेल छान वाळतात म्हणाली.

आता दुसरं गणित. तुझं वजन ९६ किलो. बेतानं सायकल चालवणारा माणूस ताशी, दर किलोमागे, साधारण सहा कॅलरी जाळतो. तुझे झाले तासाला ५७६. थांबे सोडून साडेदहा तास पेडल मारलंस असं धरू. सहा हजार कॅलरी. यातल्या हजारभर तर तू घरी लोळत पडला असतास तरी जळाल्याच असत्या. एक किलो चरबीत असतात सुमारे ७७००. म्हणजे दिवसभर उन्हातान्हात मरमर करून तुझी किलोभर चरबीसुद्धा उतरली नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर अडीच किलो कमी दिसले आणि तू गावभर फोटो पाठवलेस, ते पाणी होतं बाळा. दोन दिवसांत माठात परत भरलं.

आणि वाटेत खाल्लंस काय? मला सांगायची गरज नाही, तुझे फोटो बोलतात. पहाटे मिसळ, वर जादा तर्री. मग त्या एनर्जी जेलच्या पुड्या. दुपारी रसवंतीवर उसाचा रस, आणि एकावर भागलं नाही म्हणून दुसरा. मोठ्या ग्लासात सहज तीस ग्रॅम साखर असते, सहा-सात चमचे. आता लांबच्या पल्ल्यात तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर-पिष्ट पोटात जायलाच हवं, नाहीतर दोनेक तासांत स्नायूंचा साठा संपतो आणि माणूस रस्त्याकडेला बसतो. त्या दिवशीचा रस मी माफ करते. पण तू तो एरवीही पितोस. सावेडी ते भिस्तबाग चक्कर मारली की रस, दिल्ली गेटपर्यंत जाऊन आलास की वडापाव. तासाभराच्या सायकलीला पाणी पुरतं, नुसतं पाणी! साखरेशी माझं भांडण नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे साखरेनं या जिल्ह्यात घरं बांधली, शाळा-कॉलेजं काढली. तुझ्या वडिलांनी तुझी फी उसाच्या बिलातूनच भरली. म्हणून सगळं उत्पादन तूच संपवायला हवं असं काही नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. ज्यासाठी तुला बोलावून घेतलं ते पुढंच आहे.

मधुमेहाच्या गोळ्या कुणाला विचारून बंद केल्यास?

खाली काय बघतोस? 'बाई, आता सायकलिंग सुरू केलंय, गोळ्यांची गरज नाही,' हे तू माझ्याच ओट्यावर बसून म्हणालास. त्याआधीचा पराक्रम त्याहून मोठा. ब्रेव्हेच्या दिवशी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीसारखी घेतलीस आणि दहा तास सायकल हाणलीस. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. दुसरीकडे मांडीचे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढत असतात, चालत्या स्नायूला इन्सुलिनची फारशी वाट बघावी लागत नाही. दोघं मिळून साखर कुठं नेतात? खाली. घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं, आणि सायकलवरच्या माणसाला वाटतं की आपण दमलोय. तू म्हणालास ना, शेवटच्या टप्प्यात अंधारी आली, मग तो दुसरा रस प्यायलो आणि बरं वाटलं? त्याला तू जिद्द म्हणालास. हायवेवर, मागे ट्रक असताना आलेली अंधारी! ही साखर पल्ला संपल्यावर रात्री झोपेतही उतरू शकते, तेही तुला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तू कुणाला विचारलंच नव्हतंस.

आणि मग एकदम दुसरं टोक, गोळ्याच बंद. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. डोस कमी करायचा की गोळी बदलायची, लांबच्या पल्ल्याच्या दिवशी काय करायचं, हे डॉक्टर ठरवतील, तुझी तीन महिन्यांची साखर पाहून. त्यांच्याकडे जाताना मोबाइलमधले किलोमीटर दाखवू नकोस, आठवड्यात किती दिवस आणि किती वेळ चालवतोस ते सांग. खिशात ग्लुकोज ठेव, आणि सोबत जाणाऱ्या एकाला तरी माहीत असू दे की तुला मधुमेह आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की आपल्याकडे दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तुझं काही वेगळं नाही.

आता नीट ऐक, इथं तुझी चूक मुळातूनच आहे. सायकलीमुळे स्नायू साखर नीट उचलायला लागतात, हा गुण एक-दोन दिवस टिकतो आणि ओसरतो. म्हणून मधुमेह्यानं व्यायामात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू द्यायचा नाही असं सांगतात. तू एका दिवशी २०० मारलेस आणि बाकीचे बहुतेक दिवस कोरडे. सहामाहीच्या आदल्या रात्री जागून अभ्यास करायचास, तेच तू अजून करतोयस. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस चालव. बसल्या जागी जळणारं वजा करून आठवड्याला २८०० च्या पुढे कॅलरी जातात. ताट आहे तेवढंच ठेवलंस, तरी तीनेक आठवड्यांत किलो उतरायला हवा. शरीर वहीतल्या गणितासारखं वागत नाही, थोडा उशीर करेल, मध्येच अडून बसेल. पण दिशा बदलणार नाही. यात फ्लेक्स लावण्यासारखं काही घडत नाही, हीच तुझी अडचण आहे ना?

वेळ मिळत नाही हे तर माझ्यापुढे बोलूच नकोस. आपल्या नगरला पोलीस अधीक्षक होते ते कृष्णप्रकाश, आठवतात? २०१७ साली त्यांनी फ्रान्समध्ये आयर्नमॅन पूर्ण केली. पोहणं, मग १८० किलोमीटर सायकल, मग मॅरेथॉन, एकाच दिवशी. तुझ्या बँकेतली नोकरी पोलीस खात्यापेक्षा कडक आहे का? नाशिकच्या महेंद्र आणि हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं पार केली, सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत, आळीपाळीनं. २०१७ ला तीच शर्यत श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी एकेकट्यानं पुरी केली. चौघांत सारखं काय सांग. चौघेही डॉक्टर. माणसाचं शरीर आतून ज्यांना ठाऊक आहे, ते आपापलं काम सांभाळून सायकलवर बसले. आणि ज्याला गोळीचं नाव धड वाचता येत नाही तो म्हणतो, मला वेळ नाही.

वारा लागतो म्हणे. सुप्याच्या माळावर पवनचक्क्या काय शोभेला उभ्या केल्यात? तिथं समोरून वारा येणारच. हलका गियर टाक, मान खाली घाल आणि वेग पडू दे. तू जड गियर दाबत बसतोस म्हणून गुडघे बोलतात. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे पडले पाहिजेत. खरं तर तुझ्यासारख्या वजनदार माणसाच्या गुडघ्याला सायकलच बरी, कारण बराचसा भार गादी घेते. पण तुझी गादी आहे केवढी खाली! टाच पेडलवर ठेव, पेडल तळाला ने, पाय सरळ व्हायला हवा. तुझा दुमडलेलाच राहतो, मघाशी फाटकातून आलास तेव्हाच दिसलं. मी भिंगारहून शाळेत नऊवारी नव्हे पण पाचवारी नेसून लेडीज सायकलवर यायचे, निवृत्त होईपर्यंत. गादीची उंची मला सायकलवाल्याला विचारावी लागली नाही.

आता अभ्यासक्रम लिहून घे. पहिले दोन महिने चांदबिबीच्या महालापर्यंत, पाथर्डी रस्त्यानं. एका अंगाला तेरा किलोमीटर, शेवटी चढ. सुरुवातीला भिंगारच्या पुढून परत फिरलास तरी चालेल, पण जायचं रोज. (महाल चांदबिबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे ती. इतिहासाच्या सरांनी सहलीला नेऊन सांगितलं होतं, तू तेव्हा बोरं खात होतास.) मग रविवारी डोंगरगण. ते जमलं की इमामपूर घाट, त्यानंतर करंजी. करंजी घाट सायकलवरून न उतरता चढून आलास की नेवाशाला जा, ज्ञानेश्वरांच्या पैस खांबापर्यंत आणि परत, शंभराच्या पुढं जातं. तिथवर वजनकाटा आठवड्यातून एकदाच, सकाळी, आणि कमरेला टेप. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. तुझी मी डोळ्यांनीच मोजली, आकडा सांगत नाही. मग पुन्हा २००, डॉक्टर हो म्हणाले तर. आषाढीच्या आधी नाशिकचे सायकलवाले नगरवरून पंढरपूरला जातात, त्यांच्यात साठी उलटलेलेही असतात. पुढच्या वर्षी त्यांच्यामागे निघ, पुढे नको.

आणि कारखाने सुरू झाले की पहाटे अंधारात निघायचं नाही. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, वरून ऊस लोंबत असतो, तुला दिसणार नाहीत आणि त्यांना तू दिसणार नाहीस. उजाडल्यावर निघ. मागचा लाल दिवा आणि चमकणारं जाकीट ब्रेव्हेपुरतं नसतं, रोज घालायचं.

सत्काराला मी येईन, पण दोन अटींवर. स्नेहभोजनातली बासुंदी काढायची. आणि बोलायला उभी राहिले की मी हेच बोलणार आहे, गोळीचं सोडून. ते आपल्या दोघांत राहू दे, पण सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आलास की चिठ्ठी मला आणून दाखव. चालेल? मग जा आता, शिकवणीची पोरं आली, तुझ्या सायकलच्या घंटीशी खेळतायत.