पाहुण्याचे ऋण

सुखात घालवलेल्या दिवसाचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. प्रवासाला निघालेला मनुष्य सकाळी देऊळ पाहतो, दुपारी पोटभर जेवतो, उन्हे कलल्यावर एखादा राजवाडा हिंडतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. त्याने कोणाचे काही हिरावून घेतलेले नसते. प्रत्येक गोष्टीचे दाम मोजलेले असतात. अशा निरुपद्रवी दिवसाचा नीतिविचाराशी संबंध तो काय? तंजावरात मात्र हा प्रश्न मराठी प्रवाशापुढे उभा राहतो. कारण तेथे तो नुसते पाहायला जात नाही, ‘आपले’ पाहायला जातो.

बृहदीश्वराच्या आवारात शिरताच साठ मीटरहून उंच गेलेले विमान त्याला नम्र करते. पण भिंतीवर कोरलेला मराठी लेख दिसला की ही नम्रता ओसरते आणि अभिमान जागा होतो. भोसले घराण्याचा हा विस्तृत इतिहास दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतला. राजराज चोळाचे हे देऊळ मात्र १०१० मध्ये उभे राहिले होते. म्हणजे मराठी अक्षरे तेथे आली तेव्हा दगड जवळजवळ आठशे वर्षांचा झाला होता. १७९९ च्या तहाने सरफोजींच्या राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेलेला होता. सत्ता गमावलेल्या राजाने आपल्या कुळाची आठवण ठेवायला दिली ती दुसऱ्याने बांधलेल्या देवळाकडे. राजवाड्याचीही गोष्ट निराळी नाही. नायकांनी आरंभिलेली ती वास्तू मराठ्यांनी वाढवली. ज्याला प्रवासी वारसाहक्क समजतो, तो पाहिला तर एका पाहुण्याला मिळालेला आसरा आहे.

दुपारी फरशी तापते, देऊळ काही वेळ बंद होते आणि पावले आपोआप भोजनगृहाकडे वळतात. केळीच्या पानावर कावेरीच्या खोऱ्यातला भात, त्यावर सांबार, मग रसम, शेवटी ताकभात. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात झाला, ही दंतकथा येथे हमखास निघते. तिला पुरावा नाही; पण ती सांगताना मराठी माणूस खुलतो आणि परक्या पंक्तीत यजमानाच्या थाटात बसतो.

या नगरीच्या खऱ्या आतिथ्याची हकीकत तिच्याहून थोर आहे. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली होती. ती आपल्या हातून जाऊ नयेत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. ज्यांना शिजवलेला भात चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी जेवायचे राहिले आहे का, असे पुकारले जाई, असे त्यात सांगितले आहे. राज्य गेले तरी भुकेल्याला हाक मारण्याचा अधिकार राहावा, एवढेच त्या राजाचे मागणे होते.

अर्थात हेही दान निर्भेळ नव्हते. छत्रांना गावे लावून दिलेली होती. पुकारा राजाच्या नावाने होई, भात मात्र चिखलात राबणाऱ्या कुळाचा असे. म्हणून दात्याचे गुणगान करून थांबता येत नाही. प्रत्येक घासामागे एक न दिसणारा हात असतो, आणि त्या हातापर्यंत कृतज्ञता पोहोचवणे छत्रातल्या यात्रेकरूला जमले नाही, तसेच पैसे मोजणाऱ्या पर्यटकालाही जमत नाही.

येथे कोणी म्हणेल की पर्यटकाच्या पैशावर गावाचा चरितार्थ चालतो; त्याने सुखात खंत का कालवावी? आक्षेप रास्त आहे. आनंदात अपराध नाही, आणि उगाच दुःखी चेहऱ्याने जेवणारा पाहुणा कोणत्याच यजमानाला आवडत नाही. पण दाम आणि ऋण या दोन भिन्न गोष्टी आहेत. दाम चुकते करता येते. ऋण मान्य करावे लागते. जेवणाचे पैसे देता येतात, पण हजार वर्षे ज्यांनी देऊळ झाडले, दिवे लावले, त्यांना काय देणार?

तंजावरात आजही काही घरांतून मराठी बोलली जाते. तिच्यात जुनी रूपे टिकली आहेत, तमिळची वळणे मिसळली आहेत. ती ऐकून प्रवासी प्रथम हर्षतो, आणि लगेच ती सुधारून द्यायला निघतो. ‘आपले’ या शब्दाची कसोटी नेमकी याच क्षणी लागते. त्या शब्दाचा एक अर्थ मालकी, दुसरा बांधिलकी. पहिल्या अर्थाने पाहणारा भिंतीवर स्वतःचे नाव शोधतो. दुसऱ्या अर्थाने पाहणारा ती भिंत कोणी उभारली आणि कोणी राखली, हे विचारतो. त्या घरात भाषा जपणाऱ्या माणसापुढे त्याने थोडा वेळ गप्प बसून ऐकले, तर दिवसाचे सुख उणे होत नाही. त्या सुखाला फक्त पाहुण्याची रीत येते.