तुमचे आवडते गाणे कोणते?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझी बदली होऊन मी एका धर्मग्रामात नवीनच रुजू झालो होतो. एका सकाळी एक मध्यमवयीन गृहस्थ चर्चच्या ऑफिसात आले. रात्री त्यांचे वडील वारले होते. अंत्यविधीची वेळ ठरली, वाचने ठरली, गायनवृंदाला निरोप गेला. उठता उठता ते चाचरत म्हणाले, "फादर, बाबांचं एक आवडतं गाणं होतं. मुकेशचं आहे, सिनेमातलं. मिस्सा झाल्यावर चर्चमध्ये दोन मिनिटं लावलं तर चालेल का?"

मी 'नाही' म्हणालो. 'चर्च म्हणजे सिनेमाचे थिएटर नव्हे,' असेही वर ऐकवले. ते काही बोलले नाहीत. अंत्यविधी यथासांग पार पडला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी मी त्याच घरी गेलो. गेलेल्या गृहस्थांच्या पत्नी खाटेवर होत्या. नऊ वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. 'हो', 'नको' एवढेच कसेबसे बोलता येई. कम्युनियन झाल्यावर सून म्हणाली, "फादर, आई बोलत नाहीत, पण गातात." आणि तिने मुकेशचे ते गाणे गुणगुणायला सुरुवात केली. आजींचे ओठ हलले. शब्द स्पष्ट उमटू लागले. ज्या बाईंना पाणी हवे असल्याचे सांगता येत नव्हते, त्यांनी अख्खे कडवे म्हटले.

डॉक्टर याचे कारण सांगतात. बोलण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या डाव्या भागात चालते, गाण्यात उजवा भागही साथ देतो. म्हणून डाव्या बाजूला इजा झाली तरी काही रुग्णांना जुनी, पाठ असलेली गाणी शब्दांसकट म्हणता येतात. त्या घरातील बाबांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच कळले होते की हे गाणे सुरू केले की आपली बायको आपल्याशी 'बोलते'. नऊ वर्षे रोज संध्याकाळी रोझरी झाली की ते खाटेच्या कडेला बसत आणि दोघे मिळून ते गाणे म्हणत. त्या नवराबायकोचा तोच संसार, तोच संवाद.

मी त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "फादर, तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

बंधू-भगिनींनो, उपासनेतील संगीताविषयी ख्रिस्तसभेचा नियम आहे आणि तो योग्य आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज प्रसिद्ध केला. पवित्र संगीत उपासनाविधीशी जितके एकरूप, तितके ते अधिक पवित्र, असे त्यात सांगितले आहे. त्यामुळे आजही कोणी मिस्सात सिनेमाचे गाणे मागितले तर मी नम्रपणे नकारच देईन. परंतु शवपेटी घरातून उचलण्यापूर्वी सारे आप्त जमतात, तेव्हा ते गाणे म्हणता आले असते. मी ते सुचवू शकलो असतो. माझे चुकले ते नियम पाळण्यात नव्हे, तर 'हे गाणे बाबांना का आवडायचे?' हा एक प्रश्न न विचारण्यात.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मी संत ऑगस्टीन वाचला होता. परीक्षेपुरता समजला होता, त्या घरातून परतताना थोडा अधिक समजला. इ. स. ३८७ मध्ये त्याची आई, संत मोनिका, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात वारली. 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या नवव्या भागात ऑगस्टीन सांगतो की, त्याने मोठ्या निग्रहाने अश्रू आवरले. दफनाच्या वेळीही तो रडला नाही. मग तो झोपी गेला. जाग आल्यावर अंथरुणातच त्याला संत ॲम्ब्रोजचे संध्याकाळचे एक भक्तिगीत आठवले. हळूहळू आई आठवू लागली आणि अखेर त्याने आसवांना वाट करून दिली.

तेच गीत का आठवले असावे? नोव्हेंबर ३८६ मध्ये ऑगस्टीन, त्याची आई आणि काही मित्र मिलानजवळ एका घरात राहत होते. 'सुखी जीवन' या विषयावर तेथे चर्चा रंगली. ऑगस्टीनने ती लिहून ठेवली आहे. चर्चेच्या अखेरीस विद्वानांचे बोलणे संपत आले, तेव्हा अक्षरशत्रू म्हणावी अशा मोनिकाने ॲम्ब्रोजच्या गीतातील एक ओळ आनंदाने म्हटली. ते हेच गीत! म्हणजे ते गीत नुसते ॲम्ब्रोजचे नव्हते, ते आईचे होते. एवढ्या मोठ्या पंडिताचे हृदय मोकळे केले ते कोणत्याही युक्तिवादाने नव्हे, तर आईच्या ओठांवरच्या गाण्याने.

आपले आवडते गाणे क्वचितच केवळ चालीमुळे आवडते. ते आपल्याला कोणीतरी दिलेले असते. एखाद्याला आजोबांच्या रेडिओवरचे गाणे आवडते, कारण त्यात आजोबा आहेत. एखादी बहीण एखादे गाणे लागले की उठून आत जाते, कारण त्यात न भरलेली जखम आहे. गाण्याची थट्टा करताना आपण नकळत त्या माणसाला दुखावत असतो.

खुद्द प्रभू येशूलाही त्याची गाणी होती. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असे मार्क सांगतो (मार्क १४:२६). वल्हांडणाच्या रात्री ११३ ते ११८ ही स्तोत्रे गाण्याची यहुदी लोकांची परंपरा आहे. पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक असूनही प्रभू गायिला. क्रुसावर त्याच्या मुखी आले ते स्तोत्र २२ आणि स्तोत्र ३१ मधले शब्द. असह्य वेदनेत नवे शब्द सुचत नाहीत. लहानपणापासून जे मुरले आहे तेच वर येते. पवित्र मरियेचे स्तुतिगीत (लूक १:४६-५५) वाचा आणि त्याच्याशेजारी शमुवेलाची आई हन्ना हिचे गीत (१ शमुवेल २:१-१०) ठेवा. एका आईचे गाणे शतकांनंतर दुसरीच्या ओठांवर आले आहे. अशा मातेच्या घरात येशू वाढला.

तर मग आवडेल ते सारे गाणे चांगलेच का? नाही. राजा शौलाला दावीदाच्या वीणेने शांती लाभत असे. पण त्याच शौलाने स्त्रियांनी गायिलेले दावीदाच्या पराक्रमाचे गाणे ऐकले आणि त्याच्या मनात हेवा शिरला (१ शमुवेल १६:२३, १८:६-९). गाणे औषध होते, तसे विषही होते. ऑगस्टीननेही कबूल केले आहे की, कधी कधी गाण्यातील आशयापेक्षा आवाजाचीच आपल्याला अधिक भुरळ पडते आणि तो आपला दोष आहे. आपल्या गायनवृंदाने आणि आपण सर्वांनी हे लक्षात ठेवावे. ज्या गाण्याने माझे मन कोणाविषयी कोमल होते ते जपावे. ज्याने वासना, मद्य किंवा सूडबुद्धी गोड वाटू लागते ते, चाल कितीही आवडली तरी, सोडून द्यावे.

या आठवड्यात एक गोष्ट करा. आज घरात प्रत्येकाच्या कानात वेगळे गाणे वाजत असते. बाप एका खोलीत, मुलगी दुसऱ्या खोलीत, प्रत्येकाचा मोबाईल वेगळा. एका संध्याकाळी रोझरीनंतर टीव्ही बंद ठेवा. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाने आपले एक आवडते गाणे सांगावे आणि ते का आवडते तेही सांगावे. मध्ये कोणी हसू नये, 'हे कसलं गाणं?' म्हणू नये. मुलाचे गाणे तुम्हाला गोंगाट वाटला तरी ते शेवटपर्यंत ऐका. कदाचित त्याच्या मनात काय चालले आहे ते तुम्हाला प्रथमच कळेल. आणि मुलांनो, आजी-आजोबा आहेत तोवर त्यांची गाणी शिकून घ्या.

माझे स्वतःचे आवडते गाणे? कोणी विचारले की मी एखादे लॅटिन स्तोत्र सांगत असे, धर्मगुरूला शोभेल असे. खरे उत्तर वेगळे आहे. माझी आई पहाटे बाजारासाठी फुले ओवताना पवित्र मरियेचे एक गीत म्हणत असे. सूर बरोबर नसायचा, दुसरे कडवे तिला कधीच पाठ झाले नाही. पाहुणे असले की मला लाज वाटायची. आज मला झोप लागत नाही तेव्हा तेच गीत आठवते, त्याच चुकलेल्या सुरात.

२२ नोव्हेंबरला संत सेसिलियाचा, संगीताच्या आश्रयदात्या संतिणीचा, सण असतो. लग्नात वाद्ये वाजत होती तेव्हा ती मनातल्या मनात देवासाठी गात होती, असे तिच्याविषयी परंपरेने सांगितले जाते. बाहेर काय वाजते ते नेहमी आपल्या हाती नसते. आत कोणते गाणे साठवायचे ते मात्र आपल्या हाती आहे. एक दिवस आपलीही वाचा थांबेल. त्या वेळी आपल्या ओठांवर प्रभूचे नाव असो, आणि ते गाणे आपल्यासोबत म्हणायला खाटेच्या कडेला आपले कोणीतरी असो.

आपला प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू