बिल नको ना?

२०२४च्या विधानसभेला आमच्या गावाकडच्या एका उमेदवारासाठी मी मतदारयादीत नाव शोधायचं छोटं अ‍ॅप करून दिलं. काम चुलतभावाने आणलं होतं. पैसे रोख मिळाले. ‘बिल नको ना?’ त्याने विचारलं. मी ‘नको’ म्हणालो.

नंतर नियम वाचले. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पण पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरावा. त्याच वर्षी कायदा बदलून ती पळवाट पुन्हा मोकळी केली गेली. म्हणजे फॉर्मच्या एका रकान्याला व्हॅलिडेशन लावायचं आणि शेजारचा उघडा सोडायचा.

पक्षांवरही मर्यादा हवीच. पण हिशेब शेवटी बिलांचाच होतो. मांडववाला, जीपवाला आणि मी, आम्ही ‘नको’ म्हटलं की ४० लाख हा नुसता कागदावरचा आकडा उरतो. मग ज्याच्याकडे तेवढेच पैसे आहेत, तो निवडणुकीला उभाच राहत नाही.

‘तू नाही तर दुसऱ्याने केलंच असतं,’ असं मित्र म्हणतो. खरंय. निकाल बदलला नसता. पण ‘नको’ दुसऱ्याने नाही, मीच म्हटलं होतं.

परवा जिल्हा परिषदेसाठी भावाचा पुन्हा फोन आला. म्हटलं, दादा, करतो, पण बिल उमेदवाराच्या नावाने देईन. ‘विचारून सांगतो,’ म्हणाला. अजून विचारतोय.