क्षमा कोणाच्या वाट्याची?

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामती मागे टाकून इंदापूर तालुक्यात शिरते. बेलवाडीला रिंगण रंगते, अंथुर्णे आणि निमगाव केतकी करत दिंड्या इंदापूर गाठतात. वरकुट्यासह या सगळ्या पट्ट्यात तुकोबा घराघरांत पोचलेले आहेत. अभंगकर्ते म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात. व्यापारी म्हणून, आणि त्याहीपेक्षा फसवले गेलेले खरेदीदार म्हणून, त्यांची आठवण क्वचितच निघते.

अठराव्या शतकात संतचरित्रे लिहिणाऱ्या महिपतींनी ती कथा सांगितली आहे. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात गेले. परतताना वाटेत एक ठक भेटला. त्याने सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची कडी खरे सोने म्हणून त्यांच्या गळ्यात मारली आणि विक्रीचे पैसे घेऊन तो निघून गेला. देहूला आल्यावर खरा प्रकार उघडकीस आला, आणि तुकोबांच्या वाट्याला घरच्यांचे बोल आणि गावाचे हसे आले. ठकाचे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

ठकाची पद्धत आजही तीच आहे, मुलामा तेवढा बदलला. मोबाइलवर जुना ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा दुभती म्हैस बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दिसते. फोटो दुसऱ्याच कोणाच्या जाहिरातीतून उचललेला असतो. विक्रेता आपण लष्करात असल्याचे सांगतो, बदली झाली म्हणून घाईने विकतोय म्हणतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. आधी टोकन मागतो, मग गाडीभाडे, मग परत मिळणारी अनामत. लष्करी जवानाचे नाव सांगून होणाऱ्या अशा फसवणुकीबद्दल पोलिसांनी वारंवार सावध केले आहे. खेड्यापाड्यांतून मुले सैन्यात जातात. गणवेशाबद्दलचा तोच आदर इथे भांडवल म्हणून वापरला जातो.

ऑनलाइन लिलावात आणखी एक डाव असतो. विक्रेताच दुसऱ्या नावांनी बोली चढवत नेतो. कधी बोली हरलेल्या माणसाला निरोप येतो, की पहिल्याने माघार घेतली, वस्तू तुम्हालाच देतो, फक्त पैसे संकेतस्थळाबाहेर थेट पाठवा. १९९५मध्ये अमेरिकेत ईबे हे लिलावाचे संकेतस्थळ सुरू करणाऱ्या पिएर ओमिड्यार यांची श्रद्धा होती, की माणसे मुळात चांगली असतात. तरीही पुढच्याच वर्षी विक्रेत्यांबद्दल शेरे नोंदवण्याची सोय त्यांना करावी लागली. मग शेरेही खोटे येऊ लागले.

खोट्या बोलीचे पाप जुने आहे. इस्लामी परंपरेत घेण्याची इच्छा नसताना केवळ भाव चढवण्यासाठी बोली लावणे निषिद्ध मानले आहे. जैन श्रावकाच्या अचौर्यव्रतात खोटे माप आणि अस्सल म्हणून नकली माल खपवणे हे दोष सांगितले आहेत. आपल्याकडच्या १९३०च्या मालविक्री कायद्याचे कलम ६४ सांगते, की विक्रेत्याने भाव वाढवण्यासाठी खोटी बोली वापरली, तर खरेदीदाराला तो व्यवहार रद्द करता येतो. बाजार समितीच्या आवारात उघड लिलाव का, याचेही उत्तर इथेच आहे. पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत. भाव किती ठरला, हे ज्याचा माल त्यालाच नीट कळत नसे.

फसलेला माणूस मात्र सगळीकडे एकच वाक्य ऐकतो: ‘तुला कळायला नको होतं का?’

या प्रश्नामागे एक नैतिक चूक आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला तपाचा गर्व होतो, आणि धर्म शिकायला त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे जावे लागते. त्या दुकानदाराचा तराजू सगळ्यांसाठी सारखा असतो, हीच त्याची साधना. धर्माची परीक्षा इथे तराजू धरणाऱ्याची आहे. गिऱ्हाइकाच्या चतुराईवर ती ढकललेली नाही.

रोमन विचारवंत सिसेरोनेही अशी एक हकीकत नोंदवली आहे. कॅनिअस नावाच्या रोमन गृहस्थाला सिराक्यूजमध्ये समुद्राकाठची बाग हवी होती. पिथिअस या सावकाराने त्याला जेवायला बोलावले आणि कोळ्यांना सांगून बागेपुढे नावांची गर्दी करवली. सारे मासे इथेच मिळतात, असे त्याला भासवले. कॅनिअसने मागेल ती किंमत दिली. दुसऱ्या दिवशी समुद्रावर एकही नाव नव्हती. कॅनिअस शिकलेला, चांगला हुशार माणूस होता. सिसेरो सांगतो, की त्याला दाद मागायला तेव्हा कायदाच नव्हता. कपटाविरुद्धचे दावे रोममध्ये नंतर आले. फसलेल्याला नुसते हसून सोडले असते, तर ते कधीच आले नसते.

मग तुकोबांनी तर सोडून दिले, असे कोणी म्हणेल. क्षमा हाच संतांचा मार्ग नव्हे काय?

याचे उत्तर तुकोबांच्याच चरित्रात आहे. लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडवले, हे सर्वांना माहीत असते. त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. धाकटे बंधू कान्होबा यांनी आपला वाटा मागितला. तुकोबांनी निम्मे कागद त्यांना दिले आणि फक्त आपल्या वाट्याचे नदीत सोडले. स्वतःचे येणे माफ करण्याचा अधिकार त्यांना होता. भावाचे माफ करण्याचा नव्हता.

फसवणुकीलाही हाच हिशेब लावायला हवा. गेलेल्या पैशांवर पाणी सोडणे हा ज्याचा त्याचा निर्णय आहे. पण ज्या क्रमांकावरून, ज्या खात्यात पैसे घेतले गेले, तिथेच उद्या दुसऱ्या कोणाच्या बाळंतपणाचे किंवा बियाण्याचे पैसे जाणार असतात. त्या माणसाच्या वतीने क्षमा करण्याचा हक्क कोणालाच नाही. लाजेपोटी गप्प बसणारा मनात म्हणतो, ‘जाऊ दे, देव बघून घेईल.’ तो आपले नुकसान सोडून देत नसतो, पुढच्या माणसाचे नुकसान मान्य करत असतो. म्हणून तक्रारीत सूड नाही. ती शेजारधर्माचीच बाब आहे, आणि द्वेष न बाळगताही करता येते.

सावधपणाही श्रद्धेच्या आड येत नाही. वस्तू प्रत्यक्ष पाहावी, गाडीचे नोंदणीपत्र आणि विक्रेत्याचे नाव ताडून घ्यावे, माल हाती येईपर्यंत पैसे देऊ नयेत. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, एवढे घरातल्या सर्वांना माहीत असावे. प्रामाणिक विक्रेत्याला अशा पारखण्याचा राग येण्याचे कारण नाही.

आणि तरीही फसगत झालीच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या फोन क्रमांकावर लगेच कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याआधी बँकेला ते रोखता आले, तर परत मिळण्याची शक्यता राहते. संगणक साधनांच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६डखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र हे सगळे फसलेल्याने तोंड उघडल्यावरच सुरू होते. घरात पहिला प्रश्न ‘कुठे गेली होती अक्कल?’ असा आला, तर तो तक्रार उद्यावर ढकलतो, आणि तेवढ्यात खाते रिकामे होते. ‘किती वाजता गेले, कोणत्या खात्यात?’ असे विचारणारा एक जरी माणूस घरात असला, तरी फोन वेळेवर लागतो.